फडावरचा नाताळ आणि घरातला सोमवार

"तुम्ही काय बाई, सेवेतली माणसं" हे वाक्य मी लग्नापासून ऐकत आलेय आणि ते कौतुक असतं का टोमणा का सूट दिलेली असते याचा अजून मला नीट अंदाज येत नाही. आमची भाजीवाली मंडळीतलीच, म्हणजे आमच्या चर्चमधलीच आहे, ती म्हणते, "मॅडम, तुम्ही सेवेतली माणसं, तुमाला काय जास्त लावू," आणि मेथीच्या जुडीला पाच रुपये जास्तच लावते. माझे मिस्टर पास्टर आहेत. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाला आमची छोटी मंडळी आहे, पत्र्याचं चर्च, मागं दोन खोल्या, त्यात आम्ही दोघं, मुलगा आणि आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. मी झेडपीच्या शाळेत शिकवते. म्हणजे लोकांच्या हिशोबात हे सेवा करतात, मी नोकरी करते, आणि शाळा सुटून घरी आले की मीही सेवेत रुजू.

माहेर माझं जालन्याचं, आजी बेथेलची. बेथेल म्हणजे जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी वसवलेलं गाव. ते मूळचे ब्राह्मण, 1843 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पुढे जालन्याला येऊन जास्त करून मांग वस्त्यांमध्ये काम केलं आणि निजाम सरकारकडून जमीन मिळवून तिथं गाव उभं केलं. आमच्या घरात या गोष्टी लहानपणापासून ऐकलेल्या, सगळ्या मोठ्या माणसांच्या. आजी मात्र मधेच म्हणायची, "आन् त्यांच्या घरी पाहुणे आले की पिठाचं कोण बघायचं, ते न्हाई कुणी लिहून ठेवलं." तेव्हा हसायचो आम्ही. पाळकाच्या घरात आल्यावर कळलं की आजीचा प्रश्न चेष्टेचा नव्हता.

कारण विश्वास म्हणा, ख्रिस्ती जीवन म्हणा, त्याची बहुतेक कामं पिठापाशीच येतात. पुलपिटवरून क्षमेवर बोलणं सोपं असतं असं मी म्हणत नाही, तयारी लागते, हे शनिवारी रात्री उशिरापर्यंत जागतात. पण रविवारी उपासना झाल्यावर ज्या काकांनी कमिटीत ह्यांना सगळ्यांसमोर घालून पाडून बोललेलं असतं ते काका जेवायला थांबतात, आणि त्यांना वाढताना माझ्या हातातली पळी किती जोरात आदळते यावरून आत्याबाईंना माझ्या आत्मिक जीवनाची खबर लागते. योहानाच्या पहिल्या पत्रात आहे ना, डोळ्यांना दिसणाऱ्या भावावर ज्याची प्रीती नाही त्याला न दिसणाऱ्या देवावर प्रीती करता येणार नाही. दिसणारा भाऊ. तो दुसऱ्यांदा भात मागतो तेव्हा हे वचन आठवलं पाहिजे, ते आठवत नाही.

आमच्याकडं जुनी माणसं म्हणतात पाळकाच्या घराला कडी नसावी. मला हे पटत नाही. कडी असावी, आणि कोणासाठी कधी काढायची ते दोघांनी मिळून ठरवावं. मी असे संसार पाहिलेत ज्यात मंडळीतल्या प्रत्येकाच्या दवाखान्याला पास्टर हजर असतात आणि स्वतःच्या बायकोला ताप आला तर शेजारच्या पोराला गोळी आणायला पाठवतात, आणि लोक त्याला त्याग म्हणतात. त्यागच असेल, पण तो बायकोच्या खात्यातून केलेला आहे, तिला न विचारता. देवाला न आवडणारी गोष्ट आहे ही, असं माझं स्पष्ट मत आहे आणि मी ते महिला मंडळात बोलले तर दोन पाळकीणबाईंनी नंतर बाजूला घेऊन माझा हात दाबला, बोलल्या काही नाहीत.

पास्टर लोकांची सुट्टी सोमवारी असते, रविवार कामाचा म्हणून. आमच्या घरात हा सोमवार फक्त कॅलेंडरवर होता. शाळेतून घरी यावं तर हे फोनवर, कोणाची म्हैस विकली तिचे पैसे बुडाले, कोणाचा पोरगा पुण्याहून परत यायला तयार नाही, कोणाला नुसतंच बोलायचंय. भांडणं झाली. मोठी झाली, आवाज चर्चपर्यंत जाईल इतकी, आणि आमच्या घरापासून चर्च म्हणजे मधे एक पत्रा. मग आत्याबाईंनीच तोडगा काढला, सोमवारी संध्याकाळी फोन माझ्याकडं द्या म्हणल्या. "मी सांगते झोपलेत म्हणून." म्हातारीला खोटं बोलायला लावायचं म्हणून हे अस्वस्थ झाले, तर त्या म्हणल्या, "मग झोप की खरंच." आणि झालं काय, की फोन उचलून त्या झोपलेत एवढंच सांगत नाहीत, समोरच्याला विचारतात काय झालं, मग त्यांची ती सगळी हकिगत ऐकतात, मधेमधे "अगं माय" म्हणतात, आणि शेवटी फोनवरच दोन मिनिटांची प्रार्थना करून टाकतात, खणखणीत, गल्लीला ऐकू जाईल अशी. आता काही बायका मुद्दाम सोमवारीच फोन करतात. ह्यांना थोडं लागलंय ते, दाखवत नाहीत.

तर सोमवार असा मिळाला. पण लग्न म्हणजे काय हे मला सोमवारी नाही, फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या शेतात जास्त कळलं.

आमच्या मंडळीतली निम्मी घरं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात. बीडचे लोक वाचत असतील तर त्यांना हे सांगायची गरज नाही, बाकीच्यांसाठी सांगते. मुकादम, म्हणजे मजूर जमवणारा ठेकेदार, उचल देतो, म्हणजे आगाऊ रक्कम, आणि ती उचल माणशी नसते, कोयत्यामागे असते, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस गेला तर तो अर्धा कोयता. म्हणून पोरगा कामाला लागला की घरचे लग्नाची घाई करतात, पोरीचं वय बघत नाहीत, कारण सून आली की कोयता पूर्ण होतो. माझ्या वर्गात दिवाळीनंतर बेंच रिकामे होतात, काही लेकरं हंगामी वसतिगृहात राहतात, काही आजीजवळ, काही आईबापासोबत कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत. चर्चचं तसंच. नाताळाला आमच्याकडं म्हातारी माणसं आणि लेकरं, बाकी सगळी मंडळी कारखान्यावर. चांदणी लावतो, करंज्या होतात, संडे स्कूलची नाटिका होते, त्यात योसेफ नेहमी सहावीतला असतो कारण मोठी पोरं गावात नसतात.

म्हणून हे 26 तारखेला फडावर जातात. पहिल्यांदा मी गेले ते ख्रिसमसच्या सुट्टीत, आमचे लोक तेव्हा सोलापूर जिल्ह्यात एका कारखान्याच्या हद्दीत होते, पिकअपमध्ये फराळाचे डबे, पेटी, तबला आणि मुलांसाठी स्वेटर घेऊन निघालो, पोचलो दुपारी, तर उपासना कशाची, सगळे फडात. नाताळ असला तरी सुट्टी नाही, एक दिवस गेला की तो खाडा धरतात आणि पैसे कापतात. गाडी भरल्याशिवाय नाताळ नाही असं आमच्या एका मामांनी सांगितलं. मग बसलो बांधावर आणि बघत राहिलो. नवरा उसाच्या बुडाला कोयता घालतो, बायको वाढं म्हणजे हिरवा शेंडा छाटते, पाचट काढते, वाढ्याचाच पीळ करून मोळी बांधते, आणि संध्याकाळी ट्रक आला की तीच मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढते. फळी हलते. खाली उतरताना ती हात मोकळे करून तोल धरते आणि परत पुढची मोळी. ज्या बाईला आम्ही चर्चमध्ये गरीब स्वभावाची, लाजाळू म्हणायचो ती त्या फळीवरून नवऱ्यावर ओरडत होती, "सरक की बाजूला, मला दिसंना," आणि तो सरकत होता.

उपासना सुरू झाली तेव्हा बरीच रात्र झालेली. शेकोटी, पेटी, ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजनं, सगळ्यांना पाठ असलेली. ह्यांनी संदेश सुरू केला, आणि समोर बसलेली एक बाई, पदराखाली लेकरू, बसल्या बसल्या झोपली. नवऱ्यानं कोपर मारलं तिला. हे थांबले आणि म्हणले, "झोपू द्या त्यांना," आणि मग तीन-चार वाक्यांत सगळं उरकलं, मेंढपाळ पण रात्रपाळीलाच होते, देवदूत त्यांच्याकडंच आधी गेला, आमेन. माझ्या मते ह्यांचा हा आजवरचा सगळ्यात चांगला संदेश. सेमिनरीत शिकवत नाहीत असं कुठं थांबायचं ते.

नंतर पुरुष शेकोटीला आणि बायका कोपीत, तिथं दुसरीच उपासना झाली. एकीनं सांगितलं तिची पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढली गेल्या साली. वय विचारलं तर तिशीच्या आतलं. पाळीत काम होत नाही, खाडे पडतात, पोटात दुखतं म्हणून डॉक्टरकडं गेलं की कॅन्सर होईल म्हणून घाबरवतात, आणि मग उचलीतूनच ऑपरेशन. हे काही मी शोधून काढलेलं नाही, 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली होती बीडच्या याच प्रकरणावर, पेपरात भरपूर आलं. पण पेपरात वाचणं वेगळं आणि चुलीच्या उजेडात तिनं साडी बाजूला करून टाके दाखवणं वेगळं. मी प्रार्थना केली तिच्यासोबत. आणि प्रार्थना करताना माझ्या मनात स्पष्ट आलं की ही प्रार्थना फार उशिराची आहे, आधीच्या जूनमध्ये, ती गावात असताना, कोणीतरी तिच्यासोबत मोठ्या दवाखान्यात जायला हवं होतं. तेव्हापासून महिला मंडळात आम्ही एक गोष्ट धरलीय, कुणालाही पिशवी काढायला सांगितलं की आधी अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजात दाखवायचं, सोबत कोणी जायचं ते मंडळातच ठरतं, आणि सोबतीला जाणारीचा त्या दिवसाचा रोज बुडला तर तो दानपेटीतून. कमिटीत एकानं विचारलं हे आत्मिक काम कसं. आत्याबाई मागं बसल्या होत्या, त्या म्हणल्या, "मंग शोमरोन्यानं जखमांवर तेल ओतलं ते काय होतं?" येशूनं सांगितलेल्या गोष्टीतला शोमरोनी, वाटेत पडलेल्या परक्या माणसाच्या जखमा बांधणारा. विषय संपला.

या सगळ्यामुळं ह्यांचं लग्नाआधीचं मार्गदर्शन बदललं. पूर्वी इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय 22 व्या वचनापासून वाचायचे, स्त्रियांनो, पतीच्या अधीन असा. सगळेच पास्टर तिथून वाचतात, लग्नात तर माईक घेऊन वाचतात आणि नवरदेवाचे मित्र शिट्ट्या मारतात. मी म्हणलं त्याच्या आधीचं 21 का सोडता? "ख्रिस्ताचे भय धरून एकमेकांच्या अधीन असा." एकमेकांच्या. आणि पुढं नवऱ्याला सांगितलंय ख्रिस्तानं मंडळीसाठी स्वतःला दिलं तशी प्रीती कर, म्हणजे बायकोपेक्षा जास्त अवघड काम नवऱ्याला दिलंय, ते शिट्टीवाल्यांना कोणी समजावून सांगत नाही. हे सुरुवातीला म्हणाले, लोकांना रुचणार नाही. मग फडावरून परत येताना पिकअपमध्ये स्वतःच म्हणाले की त्या फळीवर चढणाऱ्या बाईला मी कोणत्या तोंडानं फक्त अधीनतेचं सांगू. आता 21 पासून वाचतात. शिट्ट्या कमी झाल्यात.

लग्नावरून आठवलं, आमच्याकडच्या लग्नाची एक वेगळीच गंमत असते. 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्यात लग्नाची वेळ दिलेली आहे, सकाळी 6 ते संध्याकाळी 7, खास परवानगी वगैरे सोडली तर. आणि मराठवाड्यातली वरात! पाच वाजून गेलेत, वरात अजून वेशीजवळ डीजेपुढं नाचतेय, मामा लोकांना आवरायला कोणी नाही, आणि हे झगा घालून रजिस्टर उघडून घड्याळ बघतायत. एकदा तर स्वतः मोटारसायकलवर जाऊन नवरदेवाला घोड्यावरून उतरवून मागं बसवून आणला.

रजिस्टरची पण एक दुसरी बाजू आहे, ती गमतीची नाही. काही घरं म्हणतात पास्टर, फक्त आशीर्वादाची प्रार्थना करा, नोंद नको. कारण उघड आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता, 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना मिळाला, ख्रिस्ती झालेल्याला नाही. म्हणजे वस्ती तीच, पाण्याची लाईन तीच, गावाची नजर तीच, पण कागदावर ख्रिस्ती लिहिलं की पोराची स्कॉलरशिप गेली. मग घरात येशूची तसबीर आणि दाखल्यावर जुनी जात. बाहेरचे लोक याला लबाडी म्हणतात, आणि आमच्यातले काही पोट भरलेले ख्रिस्ती पण म्हणतात, पगार चालू असला की साक्ष द्यायला सोपं जातं. मी नाही कोणाला नावं ठेवत. हे अशा घरी जास्त वेळ बसतात, एवढंच मला माहीत आहे.

शेजारचं सांगायचं राहिलं. आमच्या भिंतीला भिंत लागून एक वहिनी राहतात, त्यांच्याकडं महालक्ष्म्या असतात, भाद्रपदात तीन दिवस, सोळा भाज्या, पुरणपोळी, अंबिल, आणि पहिलं ताट झाकून आमच्याकडं येतं. आता प्रसाद खायचा की नाही यावर आमच्या लोकांत दोन तट आहेत आणि दोन्हीकडं वचनं आहेत. पौलानं करिंथकरांना आणि रोमकरांना याच भांडणावर लिहिलंय, खाणाऱ्यानं न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्यानं खाणाऱ्याला दोष लावू नये, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी पण शेजारीण ताट घेऊन आलीच असणार. मी वहिनींना सरळ सांगितलं की देवीपुढं ठेवलेलं आमच्यातले काही जण खात नाहीत, आत्याबाई नाही खात, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. त्या म्हणल्या, "एवढंच ना," आणि तेव्हापासून नैवेद्य दाखवायच्या आधी आमचं ताट बाजूला काढतात. मी त्यांच्या हळदीकुंकवाला जाते, हळद लावून घेते, कुंकू नाही, वाण घेते, आणि नाताळाला त्या आमच्याकडं येऊन करंज्या लाटतात आणि आमच्या करंज्यांना नावं ठेवतात. ह्यांनी त्यांना कधी धर्मप्रचाराची पत्रिका दिली नाही, चर्चला या म्हणलं नाही. वहिनींच्या मिस्टरांना ॲटॅक आला त्या रात्री मात्र त्यांनी आमचंच दार वाजवलं, सोमवार होता, आणि कडी काढायला आम्ही दोघंही उठलो.

धर्म बदलला की घर तुटतं असं लोकांना वाटतं, आणि तुटतंही. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर काय कोसळलं ते त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय, काही वर्षांची ताटातूट, मग नगरला एकत्र आले तरी बाई आपलं सोवळं पाळतच होत्या, आणि 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला तो स्वतःला पटल्यावर. मला टिळकांच्या भजनांइतकंच हे मोठं वाटतं, की बायको आपल्या मागून लगेच आली नाही हे त्या माणसानं सोसलं. आमच्या मंडळीत अशा तीन-चार बायका आहेत ज्यांचे नवरे येत नाहीत, आणि एक नवरा आहे ज्याची बायको येत नाही, तो बाहेर चपला सोडताना दर वेळी ओशाळल्यासारखा हसतो. त्याला हे कधी विचारत नाहीत की घरच्या का नाही आल्या. विचारतात, घरच्या कशा आहेत.

पैशाचं बोलायला ख्रिस्ती लोक फार लाजतात, तरी बोलते. ह्यांचं मानधन आणि माझा पगार यात बराच फरक आहे आणि घर माझ्या पगारावर चालतं. बायकोच्या पगारावर सेवा करतो म्हणून ह्यांना ऐकवणारे आहेत, एक तर जवळचे नातेवाईक. ह्यांना त्याचा त्रास झाला, आणि त्रासलेला माणूस घरात मोठ्यानं बोलतो. शेवटी आम्ही दर महिन्याच्या एक तारखेला दोघांचे पैसे एका वहीत लिहायला लागलो, दशांश आधी, म्हणजे देवासाठी काढायचा दहावा भाग, मग किराणा, मुलाची फी, आत्याबाईंच्या गोळ्या, आणि पाहुण्यांचं वेगळं पान. त्या पानामुळं बरंच निवळलं. फडावरचं बघून ते सुचलं खरं तर, तिथं काम दोघं करतात आणि हिशोब होतो तो फक्त नवऱ्याच्या हातात. 2024 च्या जानेवारीत तोडणीचा दर टनामागे साधारण 274 वरून 366 रुपयांपर्यंत गेला, किती महिने चर्चा चालली त्याची, पण त्या वाढीतले किती बायकोच्या हातात पडले असं विचारलं तर फडातल्या बायका हसतात.

ही वही आता ह्यांच्या मार्गदर्शनात आलीय. मागच्या महिन्यात एका जोडप्याला बसवलं होतं, मुलगी बारावी झालेली, मुलगा ऊसतोडीच्या टोळीत जाणारा, दोघांचे आईबाप समोर. हे 21 वचन वाचून वहीवर आले तर मुलगी एकदम म्हणली, "मग उचल दोघांच्या नावानं लिहायची, तरच मी कोयत्याला येईन." खोलीत शांतता. मुलगा खाली बघायला लागला. मुलाचा बाप म्हणला, मुकादम असं लिहीत नसतो, बाईच्या नावाची उचल कुणी दिलीय का कधी. हे काही बोलायच्या आत मुलाची आई, जी तोवर पदर तोंडाला लावून गप बसली होती, तिनं पदर काढला आणि म्हणली, "माझा हात धरून अंगठा घेतलाय त्यानं वीस येळा. मग नाव ल्ह्यायला काय झालं? इचारा त्याला."

हे येत्या रविवारी उपासनेनंतर मुकादमाकडं चाललेत, मुलाच्या बापाला घेऊन. मी पण जाणार आहे, वही घेऊन.